तेल्याचा जिवाणू हत्यार कधी बाहेर काढतो? पिकांवरच्या जिवाणूंची रोगकारक जनुकं कशी चालू-बंद होतात

मोसमकाठ

नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा विषय निघाला की बोलणं फवारणीपाशी येऊन थांबतं. कोणतं कॉपर (तांब्याचं औषध), किती ग्रॅम, पावसाआधी की पावसानंतर. त्या जिवाणूच्या आत काय चालतं, यावर मराठीत वाचायला फार कमी मिळतं. फवारणीतला निम्मा गोंधळ तिथूनच येतो असं माझं मत आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, घरची डाळिंबाची बाग बागलाणात आहे. म्हणून हा धागा काढते.

सांगायचंय ते थोडक्यात असं. रोग पाडायला लागणारी जनुकं जिवाणूकडे जन्मापासून असतात, पण तो ती बहुतेक काळ बंद ठेवतो. काही जनुकं आपण झाडाच्या आत आहोत ही खूण पटली की चालू होतात, काही आपली संख्या पुरेशी आहे ही खूण पटल्यावर. डाग दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी.

तेल्या पाडतो तो झँथोमोनास नावाचा जिवाणू. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीची. महाराष्ट्रात त्याने खरा कहर केला तो २००० नंतर, भगवा हा डाळिंबाचा वाण सगळीकडे लागला त्या काळात. हा जिवाणू पावसाच्या थेंबाबरोबर, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर पानावर येतो आणि पर्णरंध्रातून किंवा जखमेतून आत शिरतो. पानावर असताना त्याचं काम फक्त तग धरायचं. आत शिरल्यावर पेशींच्या मधल्या फटींत तो पोचतो आणि तिथलं वातावरण वेगळं असतं: थोडं आंबट, खायला कमी, क्षार कमी. हा बदल त्याला जाणवतो, आणि तीच त्याची पहिली खूण.

इथे 'हर्प' नावाच्या जनुकांचा गट कामाला येतो. ही जनुकं १९८६ मध्ये घेवड्यावरच्या स्यूडोमोनासमध्ये सापडली आणि नंतर इतर अनेक रोगकारक जिवाणूंत मिळाली. त्यांच्यापासून एक सूक्ष्म पोकळ सुई तयार होते. जिवाणू ती वनस्पतीच्या पेशीला टेकवतो आणि तिच्यातून आपली प्रथिनं थेट पेशीत सोडतो. ही प्रथिनं झाडाची धोक्याची घंटाच बंद करतात. तेल्याच्या जिवाणूत असं एक प्रथिन आहे, झॉप-एन. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतल्या कामात ते जनुक काढून टाकलेला जिवाणू डाळिंबाच्या पानात सोडला, तेव्हा तो नीट वाढला नाही आणि झाडाने आपल्या पेशीभित्ती जास्त जोमाने जाड केल्या.

आता हे चालू कसं होतं? झँथोमोनासमध्ये दोन मुख्य प्रथिनं आहेत, हर्प-जी आणि हर्प-एक्स. बाहेरची खूण हर्प-जीपर्यंत पोचते, हर्प-जी हर्प-एक्सचं जनुक चालू करतं, आणि हर्प-एक्स डीएनएवरच्या एका ठराविक अक्षरक्रमाला जाऊन चिकटतं. तो अक्षरक्रम सुईच्या जनुकांसमोर असतो, तसाच आत सोडायच्या बऱ्याच प्रथिनांच्या जनुकांसमोरही असतो. म्हणजे एक प्रथिन जागं झालं की सगळा संच एकदम तयार होतो.

प्रयोगशाळेतली गंमत बघा. हाच जिवाणू भरपूर पोषण असलेल्या माध्यमात वाढवला तर हर्प जनुकं जवळजवळ झोपलेली असतात. माध्यम मुद्दाम गरीब आणि थोडं आंबट केलं, पानाच्या आतल्यासारखं, की ती जागी होतात. झाडाची गरजही लागत नाही, झाडासारखी परिस्थिती पुरते.

एवढा सांभाळून का वागतो? दोन कारणं. सुई आणि प्रथिनं बनवायला ऊर्जा लागते, तेवढी वाढ मागे पडते. आणि झाड आंधळं नाही. जिवाणूच्या शेपटीच्या प्रथिनाचा छोटा तुकडा जरी ओळखू आला तरी झाड सावध होतं. हत्यार चुकीच्या वेळी काढलं तर स्वतःच पकडलं जायचं.

संख्येची खूण कशी कळते ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. तोवर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

देवळ्याचा_भगवा

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. माझा प्रश्न अगदी साधा आहे. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्यात, पाऊस पडून जातो, चार दिवस बाग स्वच्छ दिसते, नंतर एकदम डाग फुटतात. आम्ही समजायचो की तेव्हाच नवीन लागण झाली. तुमच्या लिहिण्यावरून असं दिसतं की लागण आधीच झालेली असते?

मोसमकाठ

हो दादा, अगदी तसंच. तुम्हाला डाग दिसतो तेव्हा जिवाणू पानात येऊन बरेच दिवस झालेले असतात. त्या दिवसांत तो आत स्थिरावतो, सुई तयार करतो, झाडाची प्रतिकारशक्ती दाबतो आणि संख्या वाढवतो. तेलकट डाग म्हणजे पेशींच्या मधल्या फटींत भरलेलं पाणी. त्या वेळी पानाच्या आतली संख्या प्रचंड असते, आणि पुढच्या पावसाबरोबर तीच शेजारच्या पानांवर, फळांवर उडते. फळावर पुढे इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी चीर पडते ती त्यानंतरची पायरी.

कॉपर पानाच्या पृष्ठभागावर काम करतं. आत शिरलेल्याला ते गाठत नाही. म्हणून पावसाच्या आधी पानावर थर असणं आणि डाग दिसल्यावर फवारणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता संख्येबद्दल. यातलं सुरुवातीचं मोठं काम कोबीवर घाण्या रोग पाडणाऱ्या झँथोमोनासवर झालं, इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या सेन्सबरी प्रयोगशाळेत. १९९१ मध्ये माइक डॅनियल्स यांच्या गटाने 'आरपीएफ' नावाचा जनुकांचा गट सविस्तर मांडला. त्यातलं एखादं जनुक बिघडवलं तर जिवाणू जिवंत राहतो, वाढतो, पण पेशीभित्ती कापणारी विकरं आणि तो चिकट डिंक, म्हणजे झँथन, फारच कमी बनवतो आणि रोग नीट पाडू शकत नाही. १९९७ मध्ये त्याच गटाने दाखवलं की जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतो, आणि तो रेणू बाहेरून घातला तर त्याच गटातलं एफ जनुक बिघडलेला जिवाणूही पुन्हा विकरं बनवू लागतो. २००४ मध्ये त्याची रचना कळली: बारा कार्बनच्या साखळीचं एक मेदाम्ल. त्याला डीएसएफ म्हणतात.

आरपीएफ-एफ हे प्रथिन हा रेणू बनवतं. आरपीएफ-सी पेशीच्या आवरणात बसून तो ओळखतं. जिवाणू थोडे असले तर रेणू पांगून जातो. गर्दी झाली, जागा बंदिस्त असली, की तो साठतो. मग आरपीएफ-सीकडून निरोप आरपीएफ-जी या प्रथिनाकडे जातो, ते पेशीतला 'सायक्लिक डाय-जीएमपी' नावाचा रेणू मोडतं, आणि तो रेणू कमी झाला की आतापर्यंत अडकून पडलेलं क्लप नावाचं नियंत्रक मोकळं होऊन जनुकांवर बसतं. विकरं, डिंक, सगळं सुरू.

निफाडची_चाळ

मला हे आमच्या लासलगावच्या लिलावासारखं वाटलं. सकाळी दोन-चार ट्रॅक्टर आले म्हणून कोणी बोली सुरू करत नाही. आवारात गाड्या भरल्या की सुरू होतं. बरोबर आहे का ताई?

मोसमकाठ

बरोबर आहे भाऊ. फक्त लिलावाला वेळ ठरवणारं कोणीतरी असतं, इथे कोणीच नाही. प्रत्येक जिवाणू तोच रेणू सोडतो आणि तोच मोजतो. रेणू एका पातळीच्या वर गेला की सगळे साधारण एकाच वेळी बदलतात.

वाचक_नाशिकरोड

शेतीशी माझा संबंध बाजारातून भाजी आणण्यापुरता. पण एक शंका. जिवाणूला 'कळतं', तो 'ओळखतो', 'वाट बघतो' असं सगळे लिहितायत. एका पेशीच्या जिवाला मेंदू नाही, मग हे नक्की होतं कसं?

निवृत्त_रोगशास्त्र

चांगला प्रश्न. मी कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र शिकवायचो, म्हणून उत्तर द्यायचं धाडस करतो.

बऱ्याच ठिकाणी दोन प्रथिनांची जोडी असते. पहिलं पेशीच्या आवरणात रोवलेलं. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. बाहेर योग्य तो रेणू चिकटला की त्याचा आकार बदलतो आणि आतल्या भागावर फॉस्फेटचा एक गट बसतो. तो गट दुसऱ्या प्रथिनाकडे दिला जातो. दुसरं प्रथिन फॉस्फेट मिळाल्यावर डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतं आणि तिथून पुढचं जनुक वाचलं जाऊ लागतं. एवढंच. यात हेतू नाही, इच्छा नाही. ज्या जिवाणूंमध्ये ही जोडी नीट जुळलेली होती ते टिकले, ज्यांच्यात नव्हती ते झाडाकडून मारले गेले किंवा वाढीत मागे पडले. लाखो वर्षांत उरलेली ही व्यवस्था बघून आपल्याला ती शहाणपणासारखी वाटते. बोलताना 'ओळखतो' म्हणायला माझी हरकत नाही, आतली यंत्रणा लक्षात असली म्हणजे झालं.

गिरणारे_टोमॅटो

टोमॅटोबद्दल पण सांगा कोणीतरी. आमच्याकडे फळ लागायच्या वेळी हिरवं गार झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा बरं दिसतं, आणि दोन-तीन दिवसांत आडवं. पान पिवळं पडत नाही. कोणी बुरशी म्हणतं, कोणी सूत्रकृमी. मी ड्रेंचिंगवर, म्हणजे मुळाशी औषध ओतण्यावर, बराच पैसा घातलाय.

निवृत्त_रोगशास्त्र

पान पिवळं न पडता हिरवंच झाड मरत असेल तर जिवाणूजन्य मरीचा संशय आधी घ्या. त्याचा जिवाणू राल्स्टोनिया. घरच्या घरी तपासता येतं. मरायला लागलेल्या झाडाचं जमिनीलगतचं खोड बोटभर कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धरा आणि ग्लास न हलवता थांबा. टोकातून दुधासारखा पांढरा दोरा खाली उतरू लागला तर जिवाणू. बुरशीजन्य मरीत असा दोरा येत नाही.

मोसमकाठ यांच्या विषयाला हा जिवाणू इतका चपखल बसतो की थोडं सविस्तर लिहितो.

राल्स्टोनिया दोन वेगळी आयुष्यं जगतो. जमिनीत आणि मुळाच्या आसपास असताना तो पोहतो, शेपटी वापरतो, मुळाच्या भेगा शोधतो. मुळाला टेकल्यावर पीआरएच-ए नावाचं त्याच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन वनस्पतीच्या पेशीभित्तीचा स्पर्श ओळखतं. नुसतं पोषक पाणी नको, प्रत्यक्ष स्पर्श हवा. तिथून निरोप एकापाठोपाठ एक पाच-सहा प्रथिनांतून जातो आणि शेवटी हर्प-बी चालू होतं. मग वर सांगितलेली सुई.

दुसरं आयुष्य झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत. तिथे तो वाढत जातो आणि दर मिलिलीटरला साधारण एक कोटीच्या वर गेला की पीएचसी-ए नावाचं नियंत्रक पूर्ण जागं होतं. याचा संकेत-रेणू झँथोमोनासच्या रेणूपेक्षा वेगळा आहे, पण तोही मेदाम्लापासूनच बनतो. पीएचसी-ए जागं झालं की पोहणं थांबतं आणि चिकट बहुशर्करा भरमसाट तयार होते. हाच डिंक नळ्या चोंदवतो. दुपारी पाण्याची गरज जास्त, नळ्या अडलेल्या, म्हणून मान टाकते. संध्याकाळी गरज कमी, म्हणून जरा उठते. ग्लासात उतरणारा दोरा म्हणजे डिंकात गुंतलेले कोट्यवधी जिवाणू.

या नियंत्रकाची किंमत जिवाणूला किती मोजावी लागते ते फ्रान्समध्ये तुलूजच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं. डिंक बनवणारा जिवाणू हळू वाढतो, पीएचसी-ए बिघडलेला भराभर वाढतो. म्हणूनच प्रयोगशाळेत बाटलीत जुना झालेला राल्स्टोनिया पाहिला की आम्ही विद्यार्थ्यांना सांगायचो, आधी त्याच्या वसाहती बघा. चिकट, पांढऱ्या, कडा वेड्यावाकड्या असतील तर रोग पाडेल. कोरड्या, लाल, गोल झाल्या असतील तर पीएचसी-ए गेलं, त्याच्याकडून मर येणार नाही. बाटलीत झाड नाही, त्यामुळे हत्यारांचा खर्च वाचवणारेच पुढे जातात.

गिरणारे_टोमॅटो

सर, उद्याच ग्लासचं करून बघतो.

जानोरीचा_गुलाब

पॉलिहाऊसमध्ये गुलाब आहे. कलमाच्या सांध्यापाशी आणि मुळांवर गाठी येतात. तेही जिवाणूच ना? आणि आत उष्णता वाढवून तो मरेल का? असं कोणीतरी सुचवलं होतं.

मोसमकाठ

हो, तो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम, आणि त्याची गोष्ट या सगळ्यांत मला सगळ्यात आवडते.

त्याला लागते ती जखम. झाडाला जखम झाली की पेशी काही फिनॉलवर्गीय द्रव्यं सोडतात. त्यातलं अ‍ॅसिटोसिरिंगोन हे १९८५ मध्ये बेल्जियममधल्या घेंट इथल्या गटाने तंबाखूच्या जखमी पेशींतून वेगळं काढलं. जिवाणूचं व्हिर-ए हे प्रथिन ही खूण ओळखतं, सोबत साखर आणि आंबटपणा असेल तर आणखी जोरात, आणि व्हिर-जीला जागं करतं. मग जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा कापून झाडाच्या पेशीत पाठवतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात बसतो आणि पेशीकडून वाढीची संप्रेरकं बनवून घेतो. त्याची गाठ होते. त्याच तुकड्यामुळे पेशी एक वेगळं अन्न बनवू लागते, जे प्रामुख्याने हाच जिवाणू खाऊ शकतो.

उष्णतेबद्दल. ३२ अंश सेल्सिअसच्या वर व्हिर-ए नीट काम करत नाही, त्यामुळे नवीन गाठी सुरू होणं थांबतं, हे खरं आहे. पण एकदा डीएनए आत गेलं की गाठ वाढायला जिवाणू लागतच नाही. आर्मिन ब्राऊन यांनी १९४०च्या दशकातच दाखवलं होतं की जिवाणू मारून टाकला तरी गाठीची ऊती वाढत राहते. त्यामुळे तापवून आलेली गाठ जाणार नाही, आणि गुलाबाचं नुकसान मात्र होईल.

तुमच्या हातात आहे ती जखमेची वेळ. कलम बांधताना आणि छाटताना कात्री प्रत्येक झाडागणिक निर्जंतुक करा, गाठ दिसलेलं रोप मुळासकट काढा. अ‍ॅडलेडचे अ‍ॅलन कर यांनी के-८४ नावाचा निरुपद्रवी भाऊबंद जिवाणू वापरून गाठी रोखण्याची पद्धत काढली. लागवडीपूर्वी मुळं त्यात बुडवायची. तो प्रतिबंधासाठी, आणि सगळ्या जातींवर चालत नाही. द्राक्षावरच्या गाठीच्या जिवाणूवर त्याचा उपयोग होत नाही.

पिंपळगाव_द्राक्ष

द्राक्षाचा उल्लेख आला म्हणून विचारतो. हा संख्या मोजणारा निरोपच बंद पाडला तर? औषधाने मारण्यापेक्षा जिवाणूला बहिरं करून ठेवायचं.

मोसमकाठ

याच दिशेने खूप काम चाललंय, आणि मला त्यातूनच आशा वाटते. पण सरसकट नियम नाही, आणि त्याचं उत्तम उदाहरण द्राक्षातच आहे. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत झायलेला नावाचा जिवाणू नळ्या चोंदवून वेल मारतो. त्याच्याकडेही डीएसएफसारखाच रेणू आहे. २००४ मध्ये बर्कलीच्या स्टीव्हन लिंडो यांच्या गटाने तो रेणू बनवणारं जनुक बिघडवलं, तर रोग कमी होण्याऐवजी वाढला! झायलेलामध्ये संख्या वाढली की तो शांत होतो आणि चिकटून बसतो, कारण त्याला तुडतुड्यांच्या तोंडात बसून पुढच्या वेलीवर जायचं असतं. निरोप न मिळालेला जिवाणू वेलीत सैरावैरा पसरला, पण किड्यामार्फत पुढे जाऊ शकला नाही. मग त्याच गटाने उलटं केलं. वेलीलाच तो रेणू बनवायला लावलं, आणि रोग कमी झाला.

भाताच्या जिवाणूजन्य करप्यात आणखी तिसराच प्रकार. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत सुभदीप चटर्जी आणि रमेश सोंटी यांनी २००२ मध्ये दाखवलं की आरपीएफ-एफ गेलेला झँथोमोनास लोह कमी असेल तर नीट वाढत नाही आणि रोगही नीट पाडत नाही. एकाच घराण्यातले जनुक, पण प्रत्येक जिवाणू ते आपल्या गरजेनुसार वापरतो. म्हणून बहिरं करायचं तर आधी तो जिवाणू काय ऐकतो आणि ऐकून काय करतो, हे त्या-त्या पिकात तपासावंच लागतं.

निफाडची_चाळ

आणि चाळीतला कांदा? एक सडका निघाला की आठ दिवसांत आजूबाजूचे पाणी-पाणी.

मोसमकाठ

मऊ सड पाडणारा पेक्टोबॅक्टेरियम असेल तर तो संख्येचा खेळ फार स्पष्ट खेळतो. त्याचा संकेत-रेणू डीएसएफपेक्षा वेगळा, एएचएल नावाच्या प्रकारचा. संख्या कमी असताना पेक्टिन कापायला सुरुवात केली तर कापलेले तुकडेच झाडाला सावध करतात. म्हणून तो थांबतो, आणि पुरेसे झाले की एकदम विकरं सोडतो. पेक्टिनचे तुकडे जिवाणूत शिरले की केडीजी-आर नावाचं दाबून ठेवणारं प्रथिन बाजूला होतं, त्यामुळे विकरं आणखी वाढतात. एकदा सुरू झालं की थांबत नाही ते या दोन फेऱ्यांमुळे.

हा निरोप तोडणारं विकर बॅसिलस जिवाणूंत मिळालं. २००१ मध्ये सिंगापूरच्या गटाने ते जनुक बटाटा आणि तंबाखूत घातलं, आणि त्या झाडांवर सड कमी झाली. जिवाणू मेला नाही, त्याला गर्दी कळलीच नाही. हे प्रयोगातलं झालं. चाळीत उपाय जुनेच: पात पूर्ण वाळू द्यायची, मान ओली असलेला कांदा चाळीत घालायचा नाही, काढणीत मार लागलेला वेगळा ठेवायचा, हवा खेळती ठेवायची. जखम आणि ओल नसेल तर त्याला सुरुवातच करता येत नाही.

कृषीसेवा_मालेगाव

दुकान चालवतो म्हणून सांगतो, तेल्या म्हटलं की शेतकरी स्ट्रेप्टोच मागतो. त्यावर तुमचं मत?

मोसमकाठ

माझं मत स्पष्ट आहे, वापरू नये. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन माणसांची औषधं आहेत, आणि केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीत त्यांच्यावर बंदीचा मसुदा काढला तो याच कारणाने. मारणाऱ्या औषधाखाली जे थोडे प्रतिकारक जिवाणू वाचतात तेच पुढे बाग भरतात. रोगकारक जनुकं बंद ठेवणाऱ्या रेणूवर हा दबाव कमी पडेल अशी अपेक्षा आहे, कारण त्याने जिवाणू मरत नाही. पी-कुमारिक आम्ल हे वनस्पतींतच असणारं द्रव्य डिकेया या सड पाडणाऱ्या जिवाणूची सुई बनवणारी जनुकं दाबतं, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. त्याचा बागेतला उपाय व्हायला अजून पुष्कळ वाट आहे. तोवर अशा नावाची बाटली कोणी दाखवली तर नोंदणी क्रमांक आणि कोणत्या पिकावर शिफारस आहे ते वाचून मगच घ्यावी. तुम्हीही गिऱ्हाइकाला तेच सांगा ही विनंती.

निवृत्त_रोगशास्त्र

एक मोठी गोष्ट राहिली. आतापर्यंत जिवाणू स्वतःची जनुकं कशी चालू करतो ते झालं. काही झँथोमोनास झाडाचीही जनुकं चालू करतात. 'टाल' नावाची प्रथिनं सुईतून पेशीत जातात, तिथून केंद्रकात, आणि झाडाच्या डीएनएवर ठराविक जागी बसतात. प्रत्येक प्रथिनात सुमारे ३४ अमिनो आम्लांचे तुकडे एकामागून एक असतात आणि प्रत्येक तुकड्यातली १२वी आणि १३वी जागा डीएनएचं कोणतं अक्षर ओळखायचं ते ठरवते. ही लिपी २००९ मध्ये जर्मनीच्या हाले इथल्या आणि अमेरिकेत आयोवाच्या गटांनी एकाच वेळी वाचली. कागदी लिंबावरचा खैऱ्या असाच होतो: जिवाणूचं प्रथिन लिंबाचं एक जनुक चालू करतं आणि पेशी फुगून खरबरीत फोड येतो.

इगतपुरी-त्र्यंबककडे भात करणाऱ्यांसाठी यातून खरोखर हातात काहीतरी पडलंय. करप्याचा जिवाणू भाताच्या साखर बाहेर सोडणाऱ्या जनुकावर टाल प्रथिन बसवतो आणि फटींत साखर मिळवतो. एक्सए-१३ नावाच्या प्रतिकारात त्या जनुकापुढची जागाच वेगळी आहे, प्रथिनाला बसायला अक्षरं जुळत नाहीत. हे एक्सए-१३ आणि एक्सए-२१ हे दुसरं प्रतिकारक जनुक मिळून २००७ चं इम्प्रूव्ह्ड पुसा बासमती-१ आणि त्यांच्यासोबत एक्सए-५ घेऊन इम्प्रूव्ह्ड सांबा महसुरी हे वाण संकरातून आले. जिवाणूची यंत्रणा समजली की फवारणीशिवायही वाट निघते, ती अशी.

देवळ्याचा_भगवा

डाळिंबात तसा वाण येईल तेव्हा येईल. ताई, आता काय करायचं तेवढं सांगा. मी हस्त बहाराकडे, म्हणजे पावसाळा सरताना फुलोरा धरण्याकडे, वळायच्या विचारात आहे.

मोसमकाठ

वळा. मृगात कळी आणि फळाची सगळी वाढ पावसात सापडते, म्हणजे पाण्याने भरलेली पर्णरंध्रं, उडणारे थेंब आणि उबदार दमट हवा हे तिन्ही एकत्र. हस्तात निदान फळ धरल्यानंतरचा (सेटिंगनंतरचा) काळ कोरडा मिळतो.

विश्रांतीच्या काळात डाग असलेल्या फांद्या डागाच्या खालून कापा, पडलेली पानं-फळं बागेबाहेर नेऊन जाळा. इथ्रेल हे पानं गाळणारं औषध मारून पानगळ केली की ती पानं झाडाखाली ठेवू नका, तोच पुढचा साठा असतो. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा. छाटणीनंतर लगेच एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, कारण त्या क्षणी प्रत्येक काप हा उघडा दरवाजा आहे. पानं ओली असताना मजूर बागेत घालू नका. गुटी कलमाची रोपं स्वच्छ बागेतलीच घ्या, तेल्या दूरवर पोचला तो बराचसा रोपांबरोबर.

आणि डाग दिसल्यावर फवारता तेव्हा एवढं लक्षात ठेवा, ती फवारणी शेजारच्या निरोगी पानासाठी आहे. डाग असलेलं पान वाचत नाही.

गिरणारे_टोमॅटो

सर, ग्लासचं केलं. तीन झाडं वेगवेगळ्या ओळींतली घेतली. तिन्हीतून पांढरा दोरा उतरला, अगदी सरळ खाली. आता काय?

निवृत्त_रोगशास्त्र

मग बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग आजच थांबवा, तो खर्च वाया आहे. मेलेली झाडं मुळासकट काढून बाहेर न्या, ओढत नेऊ नका, माती सांडते. मोकळं पाणी देत असाल तर त्या प्लॉटमधलं पाणी खालच्या प्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. कुदळ-फावडी धुऊनच दुसरीकडे वापरा. पुढच्या हंगामांत तिथे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं यांतलं काही नको. मका घ्या. टोमॅटोशिवाय चालणारच नसेल तर जिवाणूजन्य मरीला प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं मागा, आणि घेताना नर्सरीवाल्याला प्रतिकार नेमका कोणत्या रोगाला आहे ते विचारा. सूत्रकृमीचा वेगळा, बुरशीजन्य मरीचा वेगळा.

गिरणारे_टोमॅटो

मक्याचं बियाणं घरात आहे. खालचा प्लॉट भावाचा आहे, त्याला आजच सांगतो.